कुंडीतले आरारूट आणि बैलाचे कष्ट

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा नियम पोथी कधी न उघडलेल्या बाईलाही पाठ असतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, अळू, सुरण, लाल भोपळा, पडवळ, रताळे असे परसात किंवा बांधावर होणारे जिन्नस एका पातेल्यात शिजतात. गहू, ज्वारी, तूरडाळ त्या दिवशी डब्यातच राहतात. नियम सोपा वाटतो. तो पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत आणून ठेवला की अवघड होतो. इथली नांगरट ट्रॅक्टरने होते, रोटाव्हेटर ट्रॅक्टरचा, पेरणीयंत्र ट्रॅक्टरमागे, आणि गव्हावर हार्वेस्टर फिरतो. अक्षरशः पाहिले तर इथल्या चपातीला बैलाचा खूर लागलेलाच नाही, तेव्हा ती ऋषिपंचमीला चालायला हवी. उलट साखरेचे पाहा. गळीत हंगामात बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांच्याबरोबर बैल येतात, आणि पाटस, न्हावरे या कारखान्यांच्या गावांनी टायरगाड्यांच्या रांगा वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. दीड-दोन टन उसाखाली मान घालून उभी असलेली बैलजोडी या भागात आज दिसते ती बहुतेक त्या रस्त्यावरच. म्हणजे उपासाच्या खिरीतली साखर ही या मुलखात बैलाच्या कष्टाची आहे आणि वर्ज्य मानलेली चपाती नाही. तरी कोणत्याही घरात ऋषिपंचमीला चपात्या लाटत नाहीत, आणि साखरेच्या डब्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. मग हा नियम नेमका कशाबद्दल आहे? घरी एका कुंडीत लावलेल्या आरारुटावरून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते असे मला वाटते, आणि ते उत्तर शुद्ध-अशुद्ध पदार्थांच्या यादीपेक्षा बरेच जास्त मागणारे आहे.

आधी ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली धर्मसिंधु लिहिला. महाराष्ट्रातले भटजी आजही व्रतांच्या निर्णयासाठी तोच उघडतात. ऋषिपंचमीच्या व्रताची शास्त्रातली अट न नांगरलेल्या जमिनीत उगवलेल्या शाकाहाराची आहे. तिच्या मागे आणखी जुना नियम आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला सांगितले आहे की नांगरटीच्या जमिनीतले धान्य त्याने खाऊ नये, मग ते दुसऱ्या कुणी टाकून दिलेले का असेना. हा शेवटचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. टाकून दिलेल्या धान्यावर कुणाचीच मालकी नसते, ते उचलणे चोरी नव्हे. तरी ते नको. म्हणजे हरकत मालकीला नाही आणि धान्याच्या गुणधर्मालाही नाही, कारण तेच धान्य गृहस्थाला चालते. हरकत त्या धान्याच्या इतिहासाला आहे, ते ताटात येण्याआधी जे घडले त्याला. वनात राहणाऱ्याने ज्या व्यवस्थेतून बाहेर पडायचे ठरवले, तिच्या कष्टांवर जगायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ लागतो. ऋषिपंचमी ही गृहिणीने एका दिवसापुरती घेतलेली ऋषींची दिनचर्या आहे. वर्षातले बाकीचे दिवस ती नांगरावर जगते. एक दिवस जगत नाही.

पण लोकांनी ग्रंथातला नांगर काढून तिथे बैल बसवला. हा बदल अडाणीपणाचा मानायचे कारण नाही, कारण बैल व्रताच्या कथेतच आहे. कथेत एक ब्राह्मण दांपत्य मेल्यावर मुलाच्याच घरी जन्म घेते, बाप बैल होतो आणि आई कुत्री. मुलगा बापाचे श्राद्ध करतो त्या दिवशी तो बैल दिवसभर शेतात राबतो, त्याला चाराही मिळत नाही, आणि कुत्री मार खाते. रात्री गोठ्यात दोघांचे बोलणे मुलाच्या कानावर पडते तेव्हा त्याला कळते की ज्याच्या नावाने ब्राह्मण जेवले तोच उपाशी जुंपलेला होता. सबंध कथेतला सगळ्यात बोचरा क्षण हा आहे. घराघरांतल्या बायकांनी व्रताचा नियम सांगताना बैलालाच धरून ठेवले, यात मला त्यांची समज दिसते.

इथे पहिली हरकत येते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कथेत त्या दांपत्याला हा जन्म का आला, तर बाईने मासिक पाळीचे विटाळाचे नियम मोडले म्हणून. व्रताचा हेतू त्या दोषाचे प्रायश्चित्त. तेव्हा बैलाच्या कष्टांचा अर्थ काढणे म्हणजे सोयीचे तेवढे घेऊन गैरसोयीचे झाकणे, असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे असे की विटाळाची कल्पना टाकून द्यावी, ती वाचवण्यासारखी नाही. पण निवड करणे हाच जर दोष असेल तर तो परंपरेनेच आधी केला आहे. ग्रंथाची न नांगरलेली जमीन सोडून बैल धरणे ही निवडच होती. भाजीत सुरणाबरोबर मक्याचे दाणे घालणे, वरीचे तांदूळ चालवून घेणे, हीही निवड. शंभर घरांत शंभर चाली आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक चालीमागे कुणीतरी कधीतरी काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते ठरवले आहे. आपण ठरवू नये असे म्हणणाऱ्याने आधी बटाटा सोडावा.

बटाट्याचा मुद्दा गमतीचा नाही. उपासाला मूळ, फळ, दूध, पाणी, औषध चालते, हे सांगणारा जुना संकेत आहे. त्या मुळाफळांमध्ये आज आपण जे मोजतो त्यातले बरेचसे समुद्रापलीकडून आले. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी अमेरिकेतली. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून तमिळनाडूत सेलमकडच्या कारखान्यांत होतो तोही अमेरिकेतलाच. आरारूटही त्याच पंगतीतले. मरांटा हे त्याचे कूळ, उष्ण अमेरिका हे माहेर, आणि 19व्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटाने मळ्यांवरच्या मजुरांच्या हातांनी ते जगभर पोचवले. आपल्याकडे त्याच्या जोडीला तवकीर आहे, मध्य भारताच्या जंगलात हळदीच्या एका रानटी भावकीपासून काढलेली. दुकानात ही दोन नावे एकमेकांच्या जागी सर्रास चालतात. केरळात आरारुटाला कूव म्हणतात आणि धनु महिन्यात तिरुवातिरेच्या उपासाला बायका त्याचे गोड करून खातात. एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणी हा कंद व्रताच्या ताटात शिरला तो कोणत्याही ऋषीने सांगितले म्हणून नव्हे. तो धान्य नाही, पचायला हलका आहे, आणि हाताने उकरून काढता येतो. ज्यांनी त्याला मूळ म्हणून स्वीकारले त्यांनी जन्मस्थान विचारले नाही, आणि तेच बरोबर केले.

मात्र दुकानातल्या पुडीची गोष्ट वेगळी. आरारूट म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या पिठात मक्याचा किंवा कसाव्याचा स्टार्च मिसळलेला असणे ही या व्यापारातली जुनी तक्रार आहे. बोटांत चोळले, जिभेवर ठेवले तरी सामान्य माणसाला फरक कळत नाही, आणि आयोडीनचा थेंब टाकला तर सगळेच स्टार्च सारखे निळे होतात. मका धान्य आहे, तेव्हा कडक उपास करणाऱ्याचा उपास त्या पुडीने कधीच मोडलेला असू शकतो. तरी भेसळ हा माझा मुख्य मुद्दा नाही. शंभर टक्के अस्सल पुडी आणली तरी ती कुणी खणली, कुणी किसली, कुठल्या पाण्याने धुतली, यातले आपल्याला काही ठाऊक नसते. पदार्थ शुद्ध असेल. व्रताची अट पदार्थाच्या मागे काय आहे ते विचारते, आणि पुडी त्यावर गप्प आहे.

म्हणून घरची कुंडी. आरारुटाला मुळात भरपूर पावसाचा, दमट, अर्धवट सावलीचा मुलूख मानवतो. शिरूर-दौंडची हवा नेमकी त्याच्या उलट. पाऊस थोडा आणि लहरी, चैत्र-वैशाखात चाळिशीचे ऊन, कोरडा वारा, आणि जमीन पुष्कळ ठिकाणी भारी काळी, जी भिजली की चिखल आणि वाळली की भेगा. अशा जमिनीत कंद पोसत नाही, शिवाय पाणी तुंबले की सडतो. त्यामुळे इथे खोल, रुंद तोंडाची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेले जुने टब बरे. पोयटा, कुजलेले शेणखत आणि नारळाचा भुसा अशी भुसभुशीत माती हवी. मृगाच्या आसपास दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा दोन-तीन बोटे खोल आडवा पुरायचा. दोन-तीन आठवड्यांत गुंडाळलेल्या पानाची हिरवी सुई वर येते, मग भाल्याच्या पात्यासारखी पाने सुटतात आणि झाड कमरेपर्यंत किंवा त्याहून वर जाते. कुंडी पूर्वेच्या अंगाला, दुपारचे ऊन अडेल अशी ठेवावी. वर उसाचे पाचट पसरले की ओल टिकते, आणि पाचट तर या भागात मागाल तेवढे मिळते. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोके करपतात, पावसाचे पाणी धरून ठेवता आले तर झाड खूष. बारीक पांढरी फुले आली की खुडावीत, म्हणजे जोर कंदात जातो. मधूनमधून बुंध्याला मातीची भर द्यावी. एवढे केले की दहा-अकरा महिने थांबायचे. पाने आपणहून पिवळी पडून लोळायला लागली, की कंद तयार झाला.

खणण्याच्या दिवशी खरे काम सुरू होते. पांढुरके, खवल्यांचे लांबट कंद निघतात. ते धुवायचे, आणि त्यांच्यावरची पातळ पापुद्र्यांसारखी खवली एकेक करून काढायची, कारण ती राहिली तर पीठ कडवट होते. मग किसायचे. किसाला तंतू फार, हात दुखतात. किस पाण्यात कालवून पातळ कापडातून पिळायचा, दुधट पाणी भांड्यात निवळू द्यायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे, तळाशी बसलेल्या साक्यात पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळायचे, पुन्हा निवळू द्यायचे. दोन-तीन पाण्यांनी तो खडूसारखा पांढरा होतो. शेवटी ताटात पसरून कडक उन्हात वाळवायचा, आणि हे ऊन मात्र शिरूरला फुकट आहे. किलोभर कंदातून घरच्या हाताने दीड-दोनशे ग्रॅमच्या वर पीठ सहसा पडत नाही. एका मोठ्या कुंडीचे पीठ चार माणसांच्या घराला एक-दोन वेळच्या पेजेपुरते. बाजारात यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते, आणि हिशेबाच्या दृष्टीने ही सगळी खटपट मूर्खपणाची आहे. माझ्या मते तिचा व्रताशी संबंध नेमका तिथेच आहे. वर्षभर पाणी घालून, हात दुखवून वाटीभर पीठ हाती आले, की एका घासाला किती कष्ट पडतात याचे माप माणसाला पहिल्यांदा मिळते. ते माप मिळाल्यावर साखरेच्या डब्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, कुंडी तरी कुठे निष्कलंक आहे? शेणखत कुणाच्या तरी गाईचे. पाचट त्याच उसाचे, ज्याच्याखाली बैलाची मान होती. दौंडमध्ये नळाला येणारे पाणी खडकवासल्याच्या कालव्याचे असेल, शिरूरकडे चासकमानचे, आणि ती धरणे आणि कालवे खोदणाऱ्या मजुरांचे नाव कुठल्या दगडावर नाही. नारळाचा भुसा कोकणातून नाहीतर केरळातून ट्रकने आला. हे सगळे खरे आहे. व्रताला कष्टमुक्त घास हवा असता तर असा घास पृथ्वीवर नाही, वानप्रस्थालाही कुणीतरी कुऱ्हाड घडवून दिलीच असेल. पण या हरकतीकडे नीट पाहा. ती करणाऱ्याने शेण, पाचट, कालवा, मजूर अशी एकेक नावे घेतली. कुंडीपुढे उभे राहिल्यावर ती नावे घेता आली. पुडीपुढे ती सुचत नाहीत. माझे म्हणणे तेवढ्यापुरतेच आहे.

घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, बाजारपेठेत जैन व्यापाऱ्यांची जुनी घरे आहेत, आणि त्यांच्या बाजूने येणारी हरकत सगळ्यात वजनदार आहे. जैन विचारात जमिनीखालचा कंद एका जिवाचा नसतो, त्यात अनंत जीव वसतात. कंद उपटणे म्हणजे फळ तोडण्याइतकी किरकोळ गोष्ट नव्हे. बैलाचे कष्ट वाचवताना तुम्ही अगणित जीव मारता, आणि वर त्याला व्रत म्हणता. हळद आणि सुंठ वाळल्यावर चालतात हा जैनांचा अपवाद पुढे करून आरारुटाचे पीठही वाळवलेलेच आहे, असा वकिली बचाव करता येईल, पण तो मला पटत नाही. सुंठ वाळते, आरारूट किसून पिळून धुतले जाते, यात वाळणे दुय्यम आहे. दुसरा बचाव जरा बरा. पाने सुकल्यावर, झाडाचे वर्ष संपल्यावर आपण खणतो, आणि डोळ्यांचे तुकडे पुन्हा मातीत जातात. वंशवेल तोडत नाही, पिढी पुढे जाते. तरी यानेही पूर्ण उत्तर होत नाही. जैन नियम जीव मोजतो आणि ऋषिपंचमीचा नियम राबणे मोजतो. ही दोन मापे एकमेकांत बदलून देता येत नाहीत. एकाच पेठेत दोन धर्मांच्या शेजारणी एकाच कंदाकडे बघून उलट निर्णय घेतात, आणि दोघींपैकी कुणीही चुकत नाही. मी ज्या बाजूने लिहितो आहे तिची मर्यादा इथे आहे, ती मान्य करून पुढे जातो.

वारकरी बाजूची हरकत वेगळ्या सुराची असते. तुकोबांची पालखी यवत, वरवंड अशी दौंड तालुक्यातून पुढे जाते, त्या दिवसांत गावेच्या गावे रस्त्यावर येतात, आणि ताटात काय आहे यापेक्षा मनात काय आहे हे पाहा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बरोबर आहे. पण तेच लोक एकादशी सोडत नाहीत. मनाला धरायला काहीतरी लागते, आणि पोट हे सगळ्यात हाताशी असलेले.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. कष्टच मोजायचे तर फक्त बैलाचे का? ऊस तोडणाऱ्या जोडप्याला या भागात कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल घेतलेली, मुकादमाला बांधलेले, पहाटेपासून फडात. बैलाला निदान ऋषिपंचमीला कुणीतरी आठवते. त्या बाईचे कष्ट कोणत्या पंचमीला वर्ज्य आहेत? या प्रश्नाला कथेनेच उत्तर दिले आहे असे मला वाटते, फक्त आपण ते ऐकत नाही. कथेतला बैल बाप होता. शेतात जुंपलेला जीव हा परका नसून ज्याच्या जिवावर आपण जेवतो तो आहे, हे मुलाला कळले म्हणून त्याने व्रत केले. ज्या मुलाला बैलात बाप दिसला त्याला कोयत्यात माणूस दिसू नये, असा अर्थ काढायला फार कसरत करावी लागते. ग्रंथाचा नांगर लोकांनी बैलापर्यंत आणला. तो तिथून फडापर्यंत नेणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे, आणि ती नेणाऱ्याला परंपरा मोडल्याचा दोष लागत नाही.

व्यवहारी माणूस म्हणेल, अशाने तर साखर सोडावी लागेल, आणि सगळ्यांनी सोडली तर कोयत्याचे पोट कशावर भरेल? बैलाचेही तेच झाले. ट्रॅक्टरने त्याला कष्टातून सोडवले आणि त्याबरोबर गोठ्यातूनही बाहेर काढले. आता तो टायरगाडीला उरला आहे किंवा शर्यतीच्या घाटात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा या पट्ट्यातल्या बैलगाडा मालकांचे म्हणणे हेच होते की शर्यत नसेल तर खिलार बैल कोण पाळणार. 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हा हाच युक्तिवाद गावोगाव पुन्हा ऐकू आला. त्यात तथ्य आहे. म्हणूनच व्रत एका दिवसाचे आहे हे विसरता कामा नये. ते राबणाऱ्याचे काम बंद करायला सांगत नाही, तीनशे चौसष्ट दिवस त्याच्यावर जगायला मुभा देते, आणि एक दिवस त्याच्याशिवाय जगून पाहा म्हणते. ज्याला तो दिवस जड जातो त्याला बाकीच्या दिवसांचा हिशेब आपोआप कळतो, आणि मग मजुरीचा दर, उचलीचे व्याज, फडातल्या बाईला मिळणारे पाणी या गोष्टी धर्माच्या बाहेरच्या वाटत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या काही गावांत बैलपोळा श्रावणात न होता भाद्रपद अमावास्येला होतो. ऋषिपंचमीनंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी. त्या दिवशी बैलाला पुरणपोळी मिळते, शिंगांना रंग मिळतो, मिरवणूक निघते. पुरणात गूळ असतोच, म्हणजे बैलाला बैलाच्याच कष्टाचे खाऊ घातले जाते, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. ऋषिपंचमीचा मान असा दिसत नाही, तो नुसता वगळण्यात आहे. ज्या घरी कुंडीतले आरारूट असेल तिथे त्या दिवशी साखर न घालता पेज करावी. वाटीभर गार पाण्यात दोन चमचे पीठ कालवून उकळत्या पाण्यात ओतायचे, सतत ढवळायचे, पांढरा रंग जाऊन ते काचेसारखे झाले की उतरवायचे. वरून सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. जिरे कुठल्या शेतातले आणि तिथे नांगर कुणी धरला, ते दुकानदाराला विचारून पाहायला हरकत नाही.